फीडर गेलाय, साहेब

केंद्राचं ऊर्जा मंत्रालय म्हणतं, महामार्गावर दर २० किलोमीटरला चार्जिंग स्टेशन हवं. ही सप्टेंबर २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं. जानेवारी २०२२च्या तत्त्वांत हेच अंतर २५ होतं. राज्याचं २०२५चं ई-वाहन धोरण अजून २५वरच आहे. मानवतला वीज पोचवणारा फीडर यातलं काहीच वाचत नाही. वळवाची पहिली सर आली की तो जातो.

आणि एकदा गेला की २० काय नि २५ काय!

मानवत कुठे आलं, असं विचारू नका. कल्याणहून निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ नगर, पाथर्डी, गढी, माजलगाव करत पाथरीला येतो. मग मानवत, पुढे परभणी, नांदेड. कापसाचा बाजार, जिनिंगचे कारखाने, तूर-सोयाबीन. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे गाव २०२४मध्ये एका वेबमालिकेमुळे कळलं. आता विजेच्या गाडीवाल्यांनाही कळू लागलंय. त्यांना कळतं तेव्हा बॅटरी ११ टक्क्यांवर असते.

समजा, मामा पुण्याहून निघालेत. नांदेडला भाचीचं लग्न. ॲपमध्ये मानवतच्या अलीकडे हिरवा ठिपका. म्हणजे चार्जर चालू, रिकामा, आपलीच वाट बघतोय. मामा पंपावर वळतात. चार्जर आहे. स्क्रीन काळी. खुर्चीतला पोरगा मान वर न करता सांगतो, ‘फीडर गेलाय, साहेब.’

‘कधी येईल?’

‘येईल की.’

मराठवाड्यातल्या या ‘येईल की’मध्ये दहा मिनिटांपासून दिवाळीपर्यंत सगळं बसतं.

शेजारी पेट्रोल धो-धो चालू आहे. पंपाला जनरेटर आहे ना! पण तो पेट्रोल उपसण्यापुरता आणि मालकाच्या पंख्यापुरता. साठ किलोवॅटचा चार्जर त्याला पेलत नाही. म्हणजे लाइट गेली की पेट्रोलवाल्याचं काही अडत नाही. अडतं ते फक्त भविष्यकाळातल्या वाहनाचं.

तासाभराने गावात बल्ब लागतो. आली, आली! मामा पळत गाडीकडे. चार्जर ढिम्म. एक फेज नाही. बल्बाला एक फेज पुरतो, फास्ट चार्जरला तिन्ही लागतात. मामांना पन्नाशीनंतर हे ज्ञान झालं. पंपावरच्या पोराला ते दुसरीत असल्यापासून आहे.

तिसरा फेजही आला असं धरा. आता रेंज नाही. चार्जरच्या पोटात सिमकार्ड असतं. दूर कुठल्या तरी शहरातल्या सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय तो वीज सोडत नाही. वीज आहे, गाडी आहे, गिऱ्हाईक आहे, पैसे आहेत. परवानगी नाही. सरकारी कचेरीला पर्याय म्हणून आणलेलं तंत्रज्ञान हेच ना?

पैशांचीही गंमत आहे. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं. आधी पैसे भरा, मग वीज मागा. मामांचे दोनशे एका ॲपमध्ये, साडेतीनशे दुसऱ्यात. भिशीत अडकलेले पैसे निदान वर्षाने परत मिळतात.

मग काय करतात हे लोक? मराठी माणूस अडल्यावर करतो तेच. ओळख काढतात. पंपाजवळच्या ढाब्यावर कूलरसाठी पंधरा ॲम्पियरचा प्लग असतो. डिकीतून गाडीबरोबर आलेला छोटा चार्जर निघतो, वायर खिडकीतून आत जाते आणि लाल दिवा लागतो. अर्थिंग नाही. ढाबेवाला वायरमनला बोलावतो. वायरमन भिंतीमागे जातो, तण बाजूला करतो, अर्थिंगचा खड्डा शोधतो. माती भाकरीच्या पिठाइतकी कोरडी. तो स्वयंपाकघरातून जाडं मीठ आणि बादलीभर पाणी मागवतो, हळूहळू ओततो, बिडी पेटवतो, थांबतो. पाच मिनिटांनी दिवा हिरवा होतो. पंधरा लाखांच्या गाडीला मूठभर खडेमिठाने वाट करून दिली. या इलाजाचा एकाही धोरणात उल्लेख नाही.

वायरमन पैसे घेत नाही. ‘चहा पाजा, काका.’ इथला वक्तशीर माणूस हा एवढाच.

त्या प्लगवरून तासाला मिळतात जेमतेम वीस किलोमीटर. परभणी गाठण्यापुरती वीज भरायची तर दोन तास बाजेवर. बाजूच्या बाजेवर एक शेतकरी टेकलाय. तो विचारतो, ‘थ्री फेज नाय का?’ मामा हताश मान हलवतात. शेतकरी पहिल्यांदाच एका शहरी माणसाकडे आपुलकीने बघतो.

बघणारच. मोटारीला थ्री फेज या आठवड्यात दिवसा आणि पुढच्या आठवड्यात रात्री, हे वेळापत्रक त्याने वर्षानुवर्षं पाठ केलंय. रात्री दोनला उठून, विंचू-साप चुकवत पाणी द्यायला तो जातो. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला की वर्गणी काढतो आणि आपल्याच ट्रॅक्टरमध्ये टाकून दुरुस्तीला नेतो. तो ओरडत होता तेव्हा बातमी आतल्या पानावर होती. त्याच्या मोटारीला सनरूफ नव्हतं.

ही वीज येते कुठून, तेही जवळच आहे. परळीचं औष्णिक केंद्र २०१५च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडलं होतं. पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून पाणी नाही. मराठवाड्याला हे कोडं नवीन नाही. नवीन एवढंच, की आता त्यात गाडीही अडकते.

सरकार काहीच करत नाही असं मात्र कोण म्हणेल? मार्च २०२३मध्ये केंद्राने तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. डिसेंबर २०२४पर्यंत देशात सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं २५,२०२ झाली, त्यातली ३,७२८ महाराष्ट्रात. कर्नाटकानंतर आपण दुसरे. छाती फुगवायला हरकत नाही. फक्त मोजदाद स्टेशनांची झाली. आज सकाळी त्यातली चालू किती, ते पंपावरच्या पोराला विचारा.

ब्रिटनने कायदाच केला. वेगवान चार्जरचं जाळं वर्षात सरासरी ९९ टक्के वेळ चालू असलं पाहिजे, नाहीतर चार्जरमागे १०,००० पौंडांपर्यंत दंड. अमेरिकेने २०२३मध्ये सरकारी पैशातून होणाऱ्या महामार्गावरच्या चार्जरना ९७ टक्क्यांची अट घातली. आपल्याकडेही दंड बसतोच की. परभणीतल्या लॉजचं एका रात्रीचं भाडं.

टोलमाफी विसरलोच! २०२५च्या धोरणाने विजेच्या मोटारींना टोल माफ केला. अटल सेतूवर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर. मानवत या तिन्हींपैकी कुठल्या रस्त्यावर येतं, ते शोधत बसा. वेळ भरपूर आहे, चार्जिंग चालूच आहे.

गाडी पुरतीच बसली तर? दोरी बांधून ओढू नका, असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय. चाकं फिरली की मोटर फिरते आणि भलतंच होतं. चारही चाकं उचलून नेणारा ट्रक मागवायचा. तो नांदेडहून किंवा संभाजीनगरहून येणार. कशावर चालत येणार, हे सांगायला हवं का?

जवळच पाथरी आहे. साईबाबांचं जन्मस्थान तेच की नाही, यावरून जानेवारी २०२०मध्ये शिर्डीने बंदसुद्धा पाळला. वाद मिटेल तेव्हा मिटो. पाथरी-मानवत पट्ट्यात श्रद्धा आणि सबुरी हे दोन फेज कायम चालू ठेवावे लागतात, यावर गाडीवाल्यांत तरी एकमत आहे.

गाडी वाईट आहे का? मुळीच नाही. आवाज नाही, धूर नाही, घरच्या विजेवर खर्चही किरकोळ. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री लावा, सकाळी काढा, राजासारखे फिरा. राज्य सोसायटीच्या गेटपर्यंत आहे, एवढंच.

मामा नांदेडला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, शेवटची पंगत उठत होती. मठ्ठा मात्र शिल्लक होता. व्याह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने टोकरलं आणि विचारलं, ‘ॲव्हरेज काय देती हो, पाहुणे?’

मामा म्हणाले, ‘सिंगल फेजवर का थ्री फेजवर?’