जीर्णोद्धारक

छपाई बंद पडलेले रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र होऊन खेळायचे खेळ, पुन्हा खेळते करणारा हा मनुष्यविशेष प्रामुख्याने अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आढळतो. वय पन्नाशीच्या आगेमागे, खिशात वीस बाजूंचा फासा, आणि १९७४ साल निघाले की आवाज जड. त्या साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून निघाला. पहिल्या खेपेला हजार खोकी, प्रत्येकात तीन तपकिरी पुस्तिका. खेळायला ‘चेनमेल’ नावाचा आणखी एक खेळ घरात असावा, अशी अपेक्षा त्यात होती. एवढे करूनही खेळायचे कसे, हे अनेकांना कळले नाही. जीर्णोद्धारकाच्या मते हाच त्या पुस्तिकांचा मोठेपणा.

पुढे नव्या आवृत्त्या आल्या, जुन्या बाजारातून उठल्या, आणि १९९७मध्ये मूळ कंपनी टीएसआरही विकली गेली. इथे या गृहस्थाच्या मदतीला कायदा धावून आला. अमेरिकेत खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट नसतो. ती ज्या शब्दांत लिहिली, त्या शब्दांवर असतो. शिवाय २०००मध्ये नव्या मालकाने तिसऱ्या आवृत्तीचे बरेचसे नियम खुल्या परवान्याखाली दिले, त्यामुळे लागणारी परिभाषाही हाती आली. मग जुने नियम नव्या शब्दांत मांडणारे खेळ आले: २००६मध्ये ‘ऑस्रिक’, २००७मध्ये ‘लॅबिरिंथ लॉर्ड’, २००८मध्ये ‘स्वॉर्ड्स अँड विझर्ड्री’. प्रत्येक वाक्य नवे हवे आणि त्यातून नवे काहीही सांगितले जाऊ नये, असे हे लेखन. वकील सोडल्यास या शैलीत इतकी मेहनत फारसे कोणी घेत नाही.

काडीचाही बदल करणार नाही, ही जीर्णोद्धारकाची प्रतिज्ञा प्रस्तावनेत असते आणि बहुधा तिथेच राहते. १९८१च्या आवृत्तीत पहिल्या पातळीवरच्या चोराला कुलूप उघडण्याची संधी शंभरात पंधरा. कुलपे उघडणे हाच ज्याचा पेशा, त्याची ही गत! शाळकरी वयात ज्याचा चोर एका पेटीपुढे हात टेकून मेला, तो जीर्णोद्धारक हा आकडा गुपचूप वाढवतो. दुसरा तो तसाच ठेवतो आणि पहिल्याला पाखंडी ठरवतो. अशा रीतीने एका खेळाचे डझनभर खेळ होतात.

नवा खेळाडू सहसा चिलखताच्या आकड्यापाशी अडतो. जुन्या हिशेबात अंगावर काहीच नसलेल्याचा आकडा नऊ, पोलादी चिलखत आणि ढालवाल्याचा दोन. म्हणजे कमी तितके चांगले. “असे का?” या प्रश्नाने जीर्णोद्धारकाचा चेहरा उजळतो आणि पाऊण तासाचे विवेचन सुरू होते. २०१९च्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ने उलटी, म्हणजे वाढत्या आकड्यांची रीतही शेजारीच छापून हा पाऊण तास वाचवला. काही कट्टर मंडळींना ते अजून खुपते.

नवा खेळाडू येतो तो आपल्या जादूगाराची वंशावळ आणि बालपणीचे आघात तीन पानांत लिहून. जुन्या नियमांप्रमाणे त्या जादूगाराकडे एक मंत्र असतो, आणि जीव चार बाजूंच्या फाशावर पडेल तेवढा, म्हणजे कधी कधी एकच गुण. पहिल्या दारामागच्या भुताटकीपर्यंतही तो पोचत नाही. दारातल्या सापळ्यातच संपतो. जीर्णोद्धारक प्रेमाने सांगतो की दहा मिनिटांत दुसरे पात्र तयार होते, आणि ते खरे आहे: तीन फासे, सहा वेळा, झाले. शहाणा खेळाडू वंशावळ फेकत नाही. मेलेल्याचा चुलतभाऊ खेळायला घेतो.

खरा आघात २०१२ आणि २०१३मध्ये झाला. मालक कंपनीने जुनी पुस्तके स्वतःच पुन्हा छापली आणि अनेकांच्या पीडीएफ अधिकृतपणे विकायला काढल्या. जे वाचवायचे होते ते वाचले, यात दुःख कसले, असे विचारू नये. जीर्णोद्धारकाने पुनर्मुद्रणाच्या दोन प्रती घेतल्या, एक वाचायला, एक वेष्टन न फोडता ठेवायला. मूळ पुस्तकापेक्षा आपली मांडणी सुबोध आहे, अशी तक्रारही केली, आणि ती बऱ्याचदा रास्त असते. त्यानंतर त्याने हाती घेतलेला खेळ इतका विस्मृतीत गेलेला आहे, की त्याचा मालकही तो पुन्हा छापेल अशी भीती नाही.