शाडूवाल्याचा विश्वास

दिवा-रोहा गाडी तळोज्यावरून जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने अदानी आणि इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टरच्या तिथल्या ८३,९४७ कोटींच्या चिप प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हापासून रोहेकर प्रकल्प दिसतो का म्हणून डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या आलटून पालटून धरू लागला. २०२५ मध्ये बातमी आली: बोलणी थांबली, मागणीचा अंदाज येईना. रोहेकर पुन्हा पेंगू लागला.

तिकडे अमेरिकेत मात्र मागणीची ददात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने कृत्रिम बुद्धिमत्ता घडवणाऱ्या ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा मनोदय जाहीर केला. ओपनएआय ते पैसे लावणार होती कशात? डेटा सेंटरांत. आणि त्यांत चिपा कुणाच्या? एनव्हिडियाच्या! याला म्हणे कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा विश्वास.

हे गणित पेणच्या हमरापुरात मांडून पाहा. समजा, शाडूवाला मूर्तिकाराला म्हणाला, "दादा, हे घ्या लाख रुपये, तुमच्या कारखान्यात माझी भागीदारी. आता माझ्याकडूनच लाखाचा शाडू उचला." शाडूवाल्याची विक्री लाखाची, मूर्तिकाराचा कारखाना मोठा, गावभर पेढे. गणपती घेणारं गिऱ्हाईक किती, हे कुणी विचारायचं नाही.

मूर्तिकार मात्र विचारतो. तोही विसर्जनानंतर लगेच पुढच्या वर्षाच्या मूर्ती घडवायला बसतो, कर्ज काढूनच बसतो. पण त्याच्या धंद्याची तारीख पंचांगात छापलेली असते. कृत्रिम बुद्धिमत्तेची चतुर्थी कधी, ते अजून कुठल्याच पंचांगात सापडलेलं नाही.