गिदोनाचा टॉवेल

आमच्या मंडळीत कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. वार्षिक सभेत एखाद्याला खजिनदार व्हायला सांगितलं, की तो जरा छताकडे बघतो आणि म्हणतो, "प्रभूनं अजून तसा भार घातलेला नाही." स्थळ पसंत नसलं तर मुलीचे वडील "आम्ही प्रार्थनेत ठेवलंय" असं कळवतात, आणि ते स्थळ प्रार्थनेत इतकं मुरतं की मुलाचं दुसरीकडे लग्न होऊन त्याच्या लेकराचा बाप्तिस्माही उरकतो. मी या भाषेतच वाढलो. आजोबा नगरला मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि घरातलं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, हेही आमच्याकडे प्रार्थना करून ठरायचं. कपाट शेवटी आजी म्हणेल त्या भिंतीला लागायचं, ही गोष्ट वेगळी.

मी बँकेत लेखनिक. अधिकारीपदाच्या बढतीची परीक्षा दिली, मुलाखत झाली, यादीत नाव आलं. रविवारी साक्षीच्या वेळी उभं राहून मी हे सगळं प्रभूच्या कृपेनं झाल्याचं सांगितलं. महिला मंडळानं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं, उपासनेनंतर मी केक वाटला. सोमवारी पत्र आलं. बढती स्वीकारली तर बदली. कुठे, ते मागाहून कळेल. नाकारायची असेल तर विहित नमुन्यात महिनाअखेरपर्यंत कळवावं, मात्र पुढली काही वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. युनियनच्या माणसानं चहा पिता पिता खात्रीची बातमी दिली, की यंदाची अख्खी यादी चंद्रपूरकडे निघाली आहे.

चंद्रपूरबद्दलची माझी माहिती वर्तमानपत्रांतली. मे महिन्यात पारा 47 अंशांवर गेला की पहिल्या पानावर चंद्रपूर असतं. पुण्यात 38 झालं तरी मी डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतो. तेव्हा मला जायचं नव्हतं. पण कृपेनं मिळालेली बढती केक पचायच्या आत परत करणं बरं दिसेना. नकार माझ्याकडून न जाता वरूनच यावा, असं मला वाटू लागलं. या वाटण्याला मी 'प्रभूची इच्छा शोधणं' म्हणत होतो.

बायको म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. मुलीचा शाळेचा दाखला कधी काढायचा तेवढं सांगा."

पहिला उपाय सगळेच करतात तो केला. डोळे मिटले, पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. या उपायाला मोठी परंपरा आहे. 386 साली मिलान शहरात ऑगस्टीन एका बागेत रडत बसला असताना त्याला कुंपणापलीकडून एका लहान मुलाचा आवाज आला. तो आवाज वाचायला सांगतो आहे असं त्याला वाटलं. त्यानं पौलाची पत्रं उघडली, रोमकरांस पत्रातल्या चार शब्दांवर नजर पडली आणि आयुष्य पालटलं. मलाही खालच्या पार्किंगमधून लहान मुलांचे आवाज येत होते. ती 'आउट आहे रे, आउट!' असं ओरडत होती. आउट म्हणजे पुण्याबाहेर की स्पर्धेबाहेर, हे ठरवण्यात माझी बरीच भक्ती खर्ची पडली.

शास्त्र मधोमध उघडलं की स्तोत्रसंहिता येते, आणि तिच्यात राहणाऱ्यालाही दिलासा आहे नि निघणाऱ्यालाही, म्हणून मी मुद्दाम जरा अलीकडे उघडलं. लेवीय निघालं, चौदावा अध्याय. मागच्या महिन्याचं विजेचं बिल मीच तिथे ठेवलं होतं, हे नंतर लक्षात आलं. त्या अध्यायात घराच्या भिंतीला हिरवट किंवा तांबूस चट्टे पडले तर काय करावं ते सांगितलं आहे: याजकाला बोलवा, घर बंद ठेवा, चट्टे पसरले तर ते दगड काढून गावाबाहेर टाका, भिंत खरवडा, नवा गिलावा करा. मी हे बायकोला वाचून दाखवलं. तिनं न बोलता न्हाणीघराच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पावसाळ्यापासून तिथे तंतोतंत त्याच रंगाचे चट्टे होते, आणि गवंड्याला बोलवा असं ती तेव्हापासून सांगत होती. बढतीबद्दल विचारलं असता देवानं वॉटरप्रूफिंगबद्दल उत्तर दिलं, ते मी बाजूला ठेवलं. गवंड्याला काही बोलावलं नाही.

मग चिठ्ठ्या. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना अकरा जणांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं, हे प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर प्रेषितांनी चिठ्ठी टाकल्याचं कुठे दिसत नाही. पण मी पहिल्या अध्यायावरच थांबलो, कारण माझ्या बाजूनं जॉन वेस्ली होते. मेथडिस्टांचे हे आद्यपुरुष 1737 साली जॉर्जियात सोफी हॉपकी नावाच्या तरुणीशी लग्न करावं की नाही या पेचात पडले, तेव्हा त्यांनी तीन चिठ्ठ्या केल्या. एकीवर लग्न कर, दुसरीवर या वर्षी विचार नको, तिसरीवर पुन्हा कधीच विचार नको. तिसरी निघाली. पुढच्या काही दिवसांतच सोफीनं दुसऱ्याशी लग्न केलं, वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्ष संपायच्या आत वेस्ली इंग्लंडच्या जहाजात बसले. ही गोष्ट वाचून शहाण्यानं चिठ्ठ्यांचा नाद सोडला असता. माझं बँकेत मुरलेलं डोकं भलत्याच ठिकाणी अडकलं: तीनपैकी दोन चिठ्ठ्यांवर नकार होता!

मीही तीन केल्या. 'जा', 'यंदा राहा', 'कायम राहा'. मुलीला एक उचलायला सांगितली. तिनं एक उचलली, वाचायच्या आधी उरलेल्या दोन उघडल्या आणि म्हणाली, "बाबा, ही चीटिंग आहे." तिच्या हातात कुठली होती ते मी विचारलं नाही.

हे सगळं नगरच्या आत्याच्या कानावर गेलं. आत्याच्या मते प्रभू ख्रिस्ती माणसाशी प्रवासात बोलतो, कारण नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यातच एका अनोळखी गोऱ्या माणसानं नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. आत्याच्या शब्दाखातर मी रेल्वेनं नगरला गेलो. शेजारच्या माणसानं केडगाव येईपर्यंत माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. केडगावला काढलं, ते 'जरा सरकता का' एवढंच. सरकणं म्हणजे बदली की काय, असा विचार दौंडपर्यंत पुरला.

आत्यानं कोंबडीचा रस्सा वाढता वाढता सांगितलं, "गिदोनासारखी लोकर ठेव रे. दवानं भिजली तर जा."

गिदोनाची गोष्ट शास्त्यांच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात आहे. खळ्यात मेंढीची लोकर ठेवायची. लोकर ओली आणि जमीन कोरडी असेल तर देव बरोबर आहे. तसं झालं, लोकर पिळून वाटीभर पाणी निघालं. तरी गिदोनाची खात्री पटेना, म्हणून दुसऱ्या रात्री उलटं: लोकर कोरडी, जमीन ओली. तेही झालं. गिदोनावर मिद्यानी फौज चाल करून येत होती, माझ्यावर चंद्रपूरची शाखा. शिवाय त्याला काय करायचं ते देवानं आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर त्यानं धीर होईना म्हणून ठेवली. हा तपशील आत्यानं सांगितला नाही, मीही काढला नाही.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये लोकर कुठून येणार? सोलापुरी टॉवेल होता. थंडीचे दिवस होते, दव पडायची शक्यता होती. रात्री सगळे झोपल्यावर टॉवेल गच्चीवर अंथरला, प्रार्थना केली, कुत्रं येऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. पहाटे जाऊन बघतो तो टॉवेल चिंब! अंगावर काटा आला. चंद्रपूर! मग पायाला गार लागलं. गच्चीही चिंब होती. वॉचमन मोटार बंद करायला विसरला होता आणि टाकी रात्रभर वाहत होती.

आता इथे धर्मशास्त्रातला एक नाजूक प्रश्न उभा राहतो. एलीयाला ज्या देवानं कावळ्यांकरवी भाकर पाठवली, तो आमच्या वॉचमनकरवी उत्तर पाठवू शकणार नाही का? मी दुसऱ्या रात्री टॉवेल पुन्हा घातला. सकाळी टॉवेलच नव्हता. तो आमच्या कपाटात होता, घडी घातलेला, अगदी कोरडा. "पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल तुम्ही गच्चीत कुंड्यांखाली घातलात?" बायकोनं विचारलं. मी तिला गिदोन समजावून सांगितला. ती म्हणाली, "त्याच्या बायकोला विचारलं होतं का कोणी?" गिदोनाला पुष्कळ बायका होत्या असं पुढे आठव्या अध्यायात आहे, त्या वेळी ते बोलून दाखवणं मला योग्य वाटलं नाही.

एक कबूल करायला हवं की असली चिन्हं आम्ही बदली, प्लॉट आणि स्थळ यांपुरतीच मागतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी पाण्याच्या पाइपावरून भांडण आहे. त्यांच्याशी बोलावं की नाही हे विचारायला मी कधी गच्चीवर टॉवेल टाकला नाही. शेजाऱ्याबाबत प्रभूची इच्छा छापून आलेली आहे, आणि म्हणूनच मी ती पानं सहसा उघडत नाही.

शेवटी विषय मंडळीपुढे गेला. पाळकसाहेबांनी उपासनेत प्रार्थनेची विनंती वाचली आणि पुढच्या आठवड्यात लोकांना माझ्यासाठी वचनं मिळू लागली. माझ्या फ्लॅटवर डोळा असलेल्या चुलतभावाला अब्राहाम मिळाला: ऊर सोडून, आप्त सोडून निघ. खजिनदारांना, मी दशांश नियमित देत असल्यामुळे, बेथलेहेम सोडून मवाबात गेलेल्या अलीमलेखाची गोष्ट मिळाली. तो तिथेच मेला. गायनमंडळाचं मात्र मला आश्चर्य वाटलं. मी उपासना संगीतातल्या गाण्यांना पेटीची साथ करतो. त्या सगळ्यांना, अगदी तबलजीलाही, एकाच रात्री एकच वचन मिळालं, आणि ते जाण्याच्या बाजूचं होतं.

पाळकसाहेबांना गाठून विचारलं, तर त्यांनी योना सांगितला: निनवेला जा म्हटलं तर तो तर्शीशच्या जहाजात बसला. "पण साहेब, माझं निनवे कुठलं? पुणे की चंद्रपूर?" ते हसले. "आम्हाला बिशपांचं पत्र येतं," ते म्हणाले, "त्यात इच्छेचा रकाना नसतो. सामान बांधायचं."

वसईचा माझा एक कॅथलिक मित्र आहे, सेमिनरीत काही वर्षं काढून बाहेर पडलेला. त्यानं मला लोयोलाच्या इग्नेशियसचं खेचर सांगितलं. 1522 साली मोन्सेरातच्या वाटेवर इग्नेशियसला एक मूर भेटला, मरियेविषयी काही वावगं बोलला आणि पुढे निघून गेला. त्याला गाठून सुरा खुपसावा की सोडून द्यावं, हे ठरेना. तेव्हा इग्नेशियसनं फाट्यावर लगाम सैल सोडला. गावाची वाट रुंद होती, मूर त्याच गावाकडे गेला होता. खेचरानं दुसरा रस्ता धरला. एक खून टळला तो खेचराच्या मर्जीमुळे! पुढे हाच माणूस ईश्वरेच्छा ओळखण्याच्या शास्त्रातला मोठा गुरू झाला, बहुधा दर वेळी खेचर इतकं शहाणं भेटत नाही हे ध्यानात आल्यामुळे. त्याच्या साधनेच्या पुस्तकाला 1548 साली पोपची मान्यता मिळाली. त्यात खेचर नाही. फायदे-तोटे मांडून बघ, मरणाच्या दारात असताना आज काय निवडलं असतंस तर बरं वाटेल ते बघ, आणि तुझाच पेच घेऊन एखादा अनोळखी माणूस आला तर त्याला काय सल्ला देशील ते बघ, असं त्यात आहे.

फायदे-तोटे मांडले. फायद्यांत पगार, मान, मुलीच्या पुढल्या शिक्षणाची सोय. तोट्यांत ऊन, नवा दूधवाला, आणि परत ऊन. मग डोळे मिटून अनोळखी माणूस समोर बसवला. तो बँकेतलाच निघाला, माझ्याच वयाचा, किंचित टक्कल पडलेला. त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "अहो, जा की! कूलर घ्या एक." आणि मला त्याचा रागच आला, एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं दुसऱ्याचा किती वेळ खातात!

तरीही महिनाअखेरीला मी नकाराचाच नमुना घेऊन बसलो होतो. टपाल चारला निघायचं होतं. नाव, कर्मचारी क्रमांक, शाखा, सगळं भरलं. खाली रकाना होता: 'बढती नाकारण्याचे कारण'. 'प्रभूची इच्छा' लिहिलं तर मुख्य कार्यालयातून खुलासा मागवतील. 'उन्हाळा' लिहिलं, खोडलं. 'कौटुंबिक अडचण' लिहावं तर कुटुंब दाखल्याची तारीख विचारत होतं. पुढ्यात कोऱ्या रकान्याची आडवी रेघ होती आणि तिच्यावर ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. शिपाई टपालाची पिशवी घेऊन उभा राहिला. मी काउंटरवरच्या दोऱ्याला बांधलेल्या पेनानं दुसरा नमुना भरला. त्यात कारणाचा रकानाच नव्हता.

बदली जालन्याला झाली. चंद्रपूरला यादीतलं कोणीच गेलं नाही. जालन्याबद्दल मी देवाला एका शब्दानंही विचारलं नव्हतं.

गाव आमच्या लोकांना जुनं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी इथून जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं. पहिल्या रविवारी आम्ही मागच्या बाकावर बसलो. उपासना संपल्यावर तिथल्या पाळकांनी विचारपूस केली, मी बोलता बोलता पेटीचं बोलून गेलो, आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मंडळीचे पेटीवादक वारले होते आणि तेव्हापासून ते सगळे देवाकडे एक पेटीवादक मागत होते, उपास धरून. पाळकांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे बढतीची परीक्षा, पत्र, बदली, सगळं यांच्या अर्जावर मंजूर झालेलं होतं! बायको माझ्याकडे बघत होती. ती मला घरी वाजवताना ऐकते.

मी मनापासून वाजवू लागलो. नाताळची सगळी गाणी वाजवली. नव्या वर्षाच्या पहिल्या प्रार्थनासभेत, मी जरा उशिरा पोचलो तेव्हा, तिथलं गायनमंडळ माझ्या पुढच्या बढतीसाठी गुडघे टेकून प्रार्थना करत होतं.