डीटीपीवाले भाऊ

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून नारायण पेठेकडे वळलं की कुठल्याही बोळात एखादे डीटीपीवाले भाऊ सापडतात. दहा बाय आठचं दुकान, त्यात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गणपतीचा फोटो आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांनी फुगलेले अल्बम. ‘ग्राफिक डिझायनर’ म्हटलेलं भाऊंना खपत नाही. ती जमात कोरेगाव पार्कातली. तिला ‘शुभविवाह’ एवढं टाइप करायलाही फोन लागतो, असं भाऊंचं मत आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही.

भाऊ पेजमेकरवर शिकले. त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. ती भाऊंच्या कोपऱ्यातल्या मशीनवर अजून नांदते आहे. त्या मशीनला इंटरनेट जोडायचं नाही, अशी दुकानात सक्त ताकीद आहे. का, तर “अपडेट होईल!” तिथले फॉन्ट जुन्या पद्धतीचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले. आधी वेलांटी, मग अक्षर, वरून रफार. डोळ्यांना दिसतं तसं ठोकत जायचं. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवायला लागली आणि या सुखाला दृष्ट लागली. तो मजकूर येतो युनिकोडमध्ये. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते आणि ती उचलून पुढे बसवायची जबाबदारी सॉफ्टवेअरची. त्याला कुणी तसं सांगितलेलं नसेल तर ‘निमंत्रण’चं ‘नमिंत्रण’ होतं. आणि हे होतं तेव्हा वरपिता नेमका भाऊंच्या खुर्चीमागे उभा असतो.

“भाऊ, ‘चि.’ची वेलांटी टिंबावर गेलीय हो.”

“सेटिंग आहे. होतंय.”

सेटिंग आहे, हे खरंच. इनडिझाइनचंच घ्या. २०१२च्या सीएस६पासून त्यातला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला की मराठी जोडाक्षरं शहाण्यासारखी वागतात. पण सॉफ्टवेअर कुठलंही असो, असली सेटिंगं एखाद्या पॅनेलच्या कोपऱ्यात, बारीक रेघांच्या मागे दडी मारून बसलेली असतात. ती हुडकायला भाऊ एफ-वन दाबतात आणि मदतीचं पान उघडतात. इथून पुढे त्यांचा चेहरा बघावा.

पान म्हणतं, योग्य पर्याय निवडा. “अरे बाबा, योग्य कुठला ते ठाऊक असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?” मॉनिटरशी भाऊ एकेरीतच बोलतात. पुढच्या पानावर चित्र असतं, पण कुठल्या तरी जुन्या आवृत्तीचं. त्यातला मेन्यू आता त्या जागी नाही. तिसरं पान अधिक माहितीसाठी ज्या दुव्याकडे बोट दाखवतं, तो दाबला की पहिलं पान पुन्हा हजर. नमुन्याचा मजकूर सगळीकडे लॅटिन, त्याला वेलांटी नाही की रफार नाही. “याला काय धाड भरलीय बिघडायला!”

मग व्हिडिओ. “तो दोस्तों”पासून सुरुवात करून एक पोरगा बराच वेळ चॅनेल सबस्क्राइब करायची विनवणी करतो. नेमक्या क्लिकच्या क्षणी पडद्यावर घंटा उगवते आणि हवं ते बटण तिच्याखाली झाकलं जातं. भाऊ व्हिडिओ मागे नेतात. पुन्हा घंटा. वरपिता घड्याळ बघतो.

शेवटी उत्तर सापडतं, ते बहुधा भलतंच काही दाबल्यावर. भाऊ विजयी मुद्रेनं मागे वळतात, आणि हाताखालच्या पोरानं “कसं केलंत?” असं विचारेपर्यंत ती खिडकी बंद झालेली असते.

“असलं अर्धवट लिहिणाऱ्यांना आठवडाभर माझ्या खुर्चीत बसवा,” असं म्हणत भाऊ आपली लाल बांधणीची वही काढतात. पंचवीसेक वर्षांचं ज्ञान त्या वहीत आहे. ‘रफार सुटला : दिवाळी अंकाला केलं तसं.’ ‘काळा फिका येतो : ती खूण काढणे.’ ‘पीडीएफमध्ये चौकोन : बंद करून चालू. नाहीच झालं तर ते दुसरं.’

“भाऊ, ते दुसरं म्हणजे कुठलं?” पोरगा विचारतो.

“काम करशील तसं कळेल.”

हे कंजूषपणातून येतं असं मात्र कुणी समजू नये. माणूस दिलदार आहे. समोरच्या प्रेसमधून फोन येतो, “भाऊ, आमचा ‘र्य’ फुटतोय, उद्या सकाळी छपाई आहे,” आणि भाऊ हातातला चहा ठेवून सरसावून बसतात.

“सोप्पंय रे. पॅराग्राफचं पॅनेल उघड. उघडलंस? कोपऱ्यात जा. गेलास? आता नीट ऐक, तिथे चार-पाच नावं दिसतील. त्यातलं पहिलं अजिबात घ्यायचं नाही. तू घ्यायचंस ते...”

दारात एक बाई बारशाचा मजकूर घेऊन उभ्या असतात.

“थांब हं, गिऱ्हाईक आलंय. बाकीचं मग सांगतो. या ताई, बसा.”