बुटाचा चिखल, गुन्हा दखलपात्र?

३० जून २०२४ला मावळातल्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी धोक्याच्या ठिकाणी सेल्फी आणि रीलला बंदी घातली. योग्यच. आता बंदीच्या फलकासोबत सेल्फी तेवढी राहिली.

पण खरा कडक कायदा इंग्रजांचा. १९२७च्या वन कायद्यात जंगलातलं फूल, गवत, शेवाळ, दगड, अहो, वरची मातीसुद्धा वनोपज! राखीव वनातून ते विनापरवाना उचलणं गुन्हा. म्हणजे मावळच्या राखीव रानातून चिखलाचे बूट घेऊन पुण्याला परतणारा प्रत्येक जण कायद्याच्या अक्षरानं तस्करच. वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या मात्र त्या व्याख्येत नाहीत. त्या खुशाल घरी न्या, कोणी अडवणार नाही.