कॅमेऱ्याचं करडं मत

माझ्या कॅमेऱ्याचं जगाबद्दल एक ठाम मत आहे: जग करडं आहे. त्याला पांढरंशुभ्र धोतर दाखवा, तो म्हणतो करडं. काळंकुळकुळीत कुत्रं दाखवा, तेही करडं. आपण समोर काय धरलंय याची चौकशी तो करतच नाही. आत आलेला उजेड मोजतो, समोरची वस्तू साधारण 18 टक्के उजेड परत फेकत असणार असं परस्पर ठरवतो आणि फोटो त्या मापाचा करून हातात ठेवतो. धोतर मळकं दिसतं, कुत्रं आजारी दिसतं, कॅमेरा समाधानी.

कोथरूडमधल्या एका गच्चीवर शनिवार-रविवारी भरणाऱ्या फोटोग्राफीच्या वर्गात हे पहिल्याच तासाला कळलं. "मीटरला अक्कल नाही," सर म्हणाले. "त्याचं ऐकून घ्यायचं आणि मग त्याला दुरुस्त करायचं." त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं बटण असतं. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. वर्गात एकदम चैतन्य पसरलं. समोरच्याचं ऐकून घेऊन मग त्याला दुरुस्त करायला कंपनीने स्वतंत्र बटण दिलंय, हे ऐकून नाशिकहून आलेला एक मुलगा सोडला तर सगळ्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. एरवी हे काम आम्ही बिनबटणाचं करतो.

वर्गाबाहेरची माणसं तर आम्हालाही दुरुस्त करतात. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिच्याच आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेव्हापासून तिथल्या विधी महाविद्यालय रस्त्याच्या आसपास राहणारा प्रत्येक माणूस कॅमेऱ्यातलं आपल्याला उपजत कळतं असं धरून चालतो. वेताळ टेकडीवर तिपाई उघडावी, की फिरायला आलेले एखादे आजोबा थांबतात, आपण पाहतोय त्या दिशेला पाहतात आणि म्हणतात, "उजेड मागून आहे." एवढं बोलून ते उतरायला लागतात. ते बरोबर असतात हा भाग वेगळा.

खरी गडबड झाली ती एफ-नंबरवर. आकडा मोठा तर लेन्सचं भोक लहान, हे सरांनी सांगताच वर्गातले दंतवैद्य उभे राहिले आणि ही पद्धत उलटी असून ती कोणी लागू केली, असं त्यांनी विचारलं. सरांनी फळ्यावर अपूर्णांक काढला. लेन्सच्या नाभीय अंतराला ज्याने भागायचं तो हा आकडा. छेद वाढला की भाग लहान होणारच. 50 मिलिमीटरच्या लेन्सला एफ/2 म्हणजे 25 मिलिमीटरचं भोक, एफ/16 म्हणजे जेमतेम तीन. मग 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 हा पाढा आला. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. यामागे दोनाचं वर्गमूळ दडलंय हे सापडल्यावर हिंजवडीचे दोन इंजिनिअर इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी एकही फोटो काढला नाही.

थिअरी संपली की कवडी पाट. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरतात, शेकाट्या लांब गुलाबी पाय टाकत हिंडतात, हळदी-कुंकू बदकं असतात आणि पुण्याने वापरून सोडून दिलेलं प्लास्टिकही असतं. ते मात्र बारा महिने. फ्रेम लावणं म्हणजे काय वगळायचं ते ठरवणं, हे शिकायला याहून चांगली जागा नाही. कॅमेरा जरा डावीकडे सरकला की फेस, उजवीकडे सरकला की थर्माकोल. मधल्या फटीत बसलेला चक्रवाक थेट हिमालयापलीकडून आल्यासारखा दिसतो, आणि तो बिचारा खरोखरच तिकडून कुठूनतरी आलेला असतो.

इथे पंगतीतली जागा लेन्सच्या लांबीवर ठरते. 600 मिलिमीटरवाले पुढे, लष्करी छापाच्या कपड्यांत. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली 18-55 घेऊन आलेले आम्ही मागे. आमच्या फोटोत पक्षी कुठे आहे ते बोटाने दाखवावं लागतं.

त्या दिवशी मात्र समोर अशी गोष्ट आली, की पुढची आणि मागची पंगत एक झाली. काठावर काळी म्हैस आणि तिच्या पाठीवर पांढरा गायबगळा. "उणे एक," पुढचे म्हणाले, "नाहीतर बगळा जळतो." आमच्या वर्गातल्या काकूंनी हरकत घेतली. बगळ्यापुरतंच मोजायचं, स्पॉट मीटर लावायचा, आणि मग उणे नाही, अधिक एक. दोघंही बरोबर होते, त्यामुळे वाद लांबला. कोणी म्हशीच्या अंगाचा पोत जाईल म्हणालं, कोणी रॉमध्ये काढा, घरी जाऊन बघू म्हणालं. म्हशीचा मालक काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होता.

"फोटू म्हशीचा काढताय का बगळ्याचा?" त्याने विचारलं.

अख्ख्या अभ्यासक्रमात इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. आमचं उत्तर ठरेपर्यंत म्हैस पाण्यात बसली.

शटर शिकायला शहर बरं. सरांनी पॅनिंग सांगितलं: शटर 1/30 ठेवायचं, धावत्या वाहनाबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे वाहन स्पष्ट येतं आणि मागचं सगळं ओघळतं. त्यासाठी आम्ही संध्याकाळी सात वाजता नळ स्टॉपला गेलो. वाहन स्पष्ट आलं, मागचंही स्पष्ट आलं, कारण सिग्नल दोनदा सुटूनही काहीच हललं नव्हतं. ओघळण्याची सोय गणपतीत झाली. विसर्जनाच्या मिरवणुकीत 1/1000 ला ढोल वाजवणारा मुलगा हात वर करून भांडायला उभा राहिल्यासारखा दिसतो. 1/15 ला हात धुरकट होतात आणि फोटोतून आवाज येतो. पाताळेश्वराच्या लेण्यात आयएसओ शिकलो. तो वाढवला की अंधारातला नंदी दिसतो, पण रव्यात लोळून आल्यासारखा. भर दुपारचा उजेड सरांनी एका वाक्यात निकालात काढला. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी गडप होते आणि माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात. लग्नाचे मुहूर्त नेमके तेव्हाचेच असतात, पण ते खातं गुरुजींकडे.

आपोआप चेहरा ओळखणारा फोकस ही पुण्यासाठी बनवलेली वस्तू नव्हे. लक्ष्मी रस्त्यावर मी स्कूटरवरच्या मुलींवर तो आजमावला. डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी, वर गॉगल. कॅमेरा शोध शोध शोधतो आणि चौकटच उमटत नाही. मग अचानक एकदम सतरा चौकटी उमटल्या. चौकात कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता आणि कॅमेऱ्याने भाऊंसकट सगळे शुभेच्छुक टिपून घेतले होते. सगळे हसत होते, उजेडही समोरून होता. तांत्रिकदृष्ट्या माझा आजवरचा सर्वांत निर्दोष फोटो तोच.

एवढी विद्या झाल्यावर घरचं काम येतंच. आत्याच्या यजमानांची पंचाहत्तरी होती. मी नवी 50 मिलिमीटर लेन्स लावली, एफ/1.8 ठेवलं, दोघांना सोफ्यावर बसवलं आणि आत्याच्या डोळ्यावर फोकस धरला. इतक्या जवळून एफ/1.8 ला जेमतेम तीन-चार बोटांची पट्टी स्पष्ट येते. आत्या सरसावून बसली होती, काका वीतभर मागे रेलले होते.

आत्याने पडद्यावर फोटो पाहिला. "पंचाहत्तरी ह्यांची, आणि धूसरही हेच?"

"आत्या, याला पोर्ट्रेट म्हणतात. पार्श्वभूमी विरघळते."

"पडदे परवाच शिवून आणलेत. ते विरघळवायला?"

मग एफ/11 केलं. म्हणजे आता काका येणार, पडदे येणार, शोकेसमधल्या बाहुल्याही येणार; पण उजेड जवळपास सदतीसपट घटला, आणि त्याची भरपाई म्हणून शटर लांबून अर्ध्या सेकंदावर गेलं. काकांना अर्धा सेकंद स्थिर बसायला सांगितलं. 1790 च्या दशकात जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यात आला होता. त्याने सवाई माधवरावांचं चित्र काढलं, नाना फडणवीसांचं काढलं. अख्ख्या दौलतीचा कारभार डोक्यावर असताना नाना त्याच्यापुढे बसले. पुढे 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हा 100 बाय 100 ठिपक्यांचा एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शटर उघडं असताना विचारलं, "झालं का?"

त्या फोटोत त्यांना दोन तोंडं आली.

शेवटी आयएसओ चढवला, शटर आखूड केलं, दोघांना हसू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे ते हसले. फोटो जमला. आत्याने चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला.

"पडदे छान आलेत," ती म्हणाली. "पण दोन पडद्यांच्या फटीतून गॅलरीत वाळत घातलेला ह्यांचा बनियन दिसतोय. तो तेवढा विरघळव."