शेजाऱ्याच्या पराभवाचे शास्त्र

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते मे या काळात 20 क्लबांनी प्रत्येकी 38 सामने खेळून विजयाला 3 व बरोबरीला 1 गुण या हिशेबाने लढवायच्या स्पर्धेत, प्रत्येक चाहत्याला आपला संघ जिंकावा असे वाटते, असा एक भाबडा समज रूढ आहे. उत्तर लंडनमधील टॉटनहॅम आणि आर्सेनल या दोन शेजाऱ्यांचे वैर पाहिल्यास तो टिकत नाही. 14 मे 2024 रोजी टॉटनहॅमचा संघ घरच्या मैदानावर विजेतेपदासाठी आर्सेनलशी झुंजणाऱ्या मँचेस्टर सिटीशी खेळत होता. जिंकल्यास युरोपातील अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेशाची आशा जिवंत राहणार होती, परंतु त्याच विजयाने आर्सेनलचा विजेतेपदाचा मार्गही सुकर होणार होता. 1961 नंतर एकदाही लीग न जिंकलेल्या टॉटनहॅमच्या काही चाहत्यांनी हा पेच चुटकीसरशी सोडवला: सिटीने गोल करताच यजमानांच्याच गर्दीतून आर्सेनलला डिवचणारे घोष उमटले, सामना 2-0 असा हातचा गेला, आणि प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांचा पारा मात्र चढला. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्याची ही विद्या तिकिटाचे पैसे मोजून जोपासली जाते, हे विशेष. अखेरीस सिटी विजेते ठरले, आर्सेनल 2 गुणांनी हुकले, आणि टॉटनहॅम पाचव्या स्थानी राहून चॅम्पियन्स लीगला मुकले. निष्ठेच्या या शास्त्रानुसार तो हंगाम यशस्वीच म्हणावा लागेल.